नक्कल दिवाळीनंतर

कचेरीतले किस्से गोळा करावे लागत नाहीत, धुळीसारखे अंगावर बसतात. कॉलेज अर्ध्यात सोडून मी तालुक्याच्या कचेरीत रोजंदारीवर जुन्या कागदांचे बस्ते उचलायला लागलो, तेव्हापासून बसलेत. झटकून कंटाळलो, म्हणून लिहितो.

*

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झालेली, पण आमचं दप्तर अजून जुन्या प्रांताचंच, आणि रेकॉर्ड रूमचं छत गळकं. कौलं फिरवायची सोडून हेडक्लार्क नानांनी ठरवलं, दप्तर खामगावला एका कापसाच्या जिनच्या गोदामात भाड्यानं ठेवायचं. फायदे-तोटे तोलायला मीटिंग भरली : नाना, रेकॉर्डकीपर अण्णा आणि चहा आणणारा मी.

"जागा मोकळी होईल, हा फायदा," नाना म्हणाले. "आता तोटा सांगा."

अण्णांनी बराच विचार केला. "उंदीर?"

"तिथले उंदीर सरकी खातात. कागदाले कशाला तोंड लावतील?"

मी म्हटलं, "कापसाच्या गोदामाले आग लागली तर?"

"तुले कोणी विचारलं बे? कप उचल."

तोटे संपले.

*

भाडं नगावर होतं. नग कमी करायला नानांनी सगळे बस्ते रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये दाबून घेतले! एकेका गाठीत दहा-दहा गावं, वरून लोखंडी पट्ट्या.

जिनचा मुकादम म्हणाला, "साहेब, पट्टी कापली का हे फुगते. पुन्हा दाबाले प्रेस लागते, अन् प्रेस होळीले बंद होते ते दिवाळीनंतर सुरू."

"कापायचीच कशाला?" नाना म्हणाले. त्यांची सगळी हयात कचेरीत गेलेली.

*

मग नियम निघाला : नक्कल दिवाळीनंतर. लोणारचे एक मास्तर जन्माच्या नोंदीसाठी उन्हाळ्यात अर्ज घेऊन आले. नियम ऐकून म्हणाले, "माह्या जन्माचा अन् कापसाचा काय संबंध?"

अण्णा म्हणाले, "आता आहे."

इकडे मोकळ्या रेकॉर्ड रूममध्ये नानांची खाट आली, अण्णांचा माठ आला. फायद्याची बाजू मी रोज दुपारी पाहायचो. घोरत असायची.

*

दुसरबीडच्या गिरजाबाईचा नवरा वारला आणि दिरानं 'वाटणी झालीच नाही' म्हणून तिच्या वावरात नांगर घातला. वाटणीची जुनी नोंद आमच्या गाठीत. नक्कल दाखवली तर वावर तिचं, आणि कोर्टाची तारीख पोळ्याच्या आठवड्यात.

दोन चकरा झाल्या. तिसऱ्यांदाही अण्णा तेच बोलले.

"दिवाळीनंतर तं दीर कापूस येचून नेईन. मंग नक्कल काय चुलीत घालू?"

"बाई, नियम आहे," नाना म्हणाले.

तिनं आत डोकावून पाहिलं. "हे खोली कोनाची?"

"रेकॉर्डची."

"मंग माहं रेकॉर्ड येईपर्यंत मी इथंच राहीन."

दुसऱ्या दिवशी चूल, तवा आणि शेळी घेऊन आली. शेळी खाटेखाली बांधली. खोलीभर धूर झाला. नाना दुपारी खुर्चीत ताठ बसून डुलक्या खायला लागले, तशी दोन दिवसांत एक गाठ कापायची ऑर्डर निघाली. मी एसटीनं खामगावला गेलो. मुकादमानं पट्टी कापली आणि दहा गावं उसळून छातीवर आली. त्यातून तिची नोंद शोधून आणली, अण्णांनी नक्कल करून सही-शिक्का दिला.

तारखेला नक्कल पोचली. वावर तिचं राहिलं. जाताना खोली सारवून गेली.

*

पुढच्या सोमवारी कचेरी उघडली, तर ओट्यावर सात-आठ माणसं. सोबत वळकट्या, चुली, एक कोंबडी. पुढे लोणारचे मास्तर.

"हे काय?" नाना म्हणाले. "अर्ज द्या, अर्ज."

"अर्ज उन्हाळ्यातच दिला होता. एसटीत गिरजाबाई भेटल्या. म्हणे, अर्ज राहू द्या, चूल न्या."

माणसं आत शिरायला लागली. नानांनी एकदा खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाहतो काय बे? माझी खाट बाहेर काढ."

मास्तरांनी खाटेवर वळकटी सोडली.

"असू द्या," ते म्हणाले. "मले कंबरेचा त्रास आहे."