बिनपंचांगाचं ग्रहण

सोळा नोव्हेंबर. अंगणभर पसरलेल्या धानाच्या पेंढ्या उचलून मी सकाळपासून कोपऱ्यात पुंजणं रचत होते, कारण संध्याकाळी तिथे दुर्बीण उभी राहायची होती.

दुर्बीण यजमानांच्या वर्गमित्राची. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यापासून हे सर तिकडेच कॉलेजात शिकवत. सानगडीतलं आमचं घर वस्तीच्या टोकाला, पुढे नुसती बांध्यांची शेतं, उजेडाचा त्रास नाही. सर दुपारीच आले आणि तिवई मांडता मांडता आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, समजावू लागले.

"काकू, मंगळ आणि गुरूच्या मधे दगडांचा पट्टा आहे. त्याच्या पार बाहेरच्या अंगाला एक मोठा दगड फिरतो. आपल्या जिल्ह्याएवढा असेल. पण कोळशासारखा काळा. माझ्या दुर्बिणीतून दिसायचा नाही."

"मंग पाहाले काय आले तुम्ही?"

"आज तो एका ताऱ्यासमोरून जाणार. काही सेकंद तारा विझेल. ताऱ्याला ग्रहणच म्हणा ना."

"पंचांगात तं नाही हे गरहण."

"पंचांगात कसं असेल, काकू?" सर हसले.

आत्याबाई हसल्या नाहीत. "चंद्राचं गरहण दिसते. सुटलं तं कळते. जे दिसतच नाही, ते कोनाले धरते अन् कोनाले सोडते, काय मालूम?" एवढं बोलून त्या घरात गेल्या.

घरात माझी लेक होती, पहिल्या बाळंतपणाला आलेली. नववा लागला होता. ग्रहणात गरोदर बाईनं उजेडात यायचं नाही, चिरायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, हे आमच्याकडे अजून पाळतात. मधल्या खोलीला खिडकी नाही. आत्याबाईंनी तिला तिथे निजवलं आणि स्वतः दारात बसल्या.

मी पाणी घेऊन गेले.

"नोको देऊ. वेध लागले."

"कायचे वेध, आत्याबाई? ऊन आहे अजून."

"तुले लय कळते. लेकराले काही झालं तं तुया सर निस्तरनार हाये काय?"

लेक आतून म्हणाली, "राहू दे वो आई. मंग पिईन. तसंही डोकं दुखून राहिलं."

मला ते खटकलं. तिच्या पायांवर सूज होतीच. डोकं दुखलं, डोळ्यांसमोर चमकलं तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. मी दोनदा आत डोकावले. श्वास ऐकू येत होता. चेहरा दिसत नव्हता.

अंधार पडताच सरांनी सगळे दिवे बंद करायला लावले. शेजारचे चारपाच जण जमले होते. "सर, तारा विझला तं लाइटचं बिल कमी येईन काय?" एकानं विचारलं आणि सगळे हसले. मग सर म्हणाले, "आता चूप. थोडाच वेळ राहिला." कुणी बिडीही पेटवेना. पुंजण्यात उंदीर खसफसत होते तेवढंच.

माझं मन काही तिथे लागेना. मी टॉर्च घेऊन आत गेले.

"बत्ती नोको लावू!" आत्याबाई ओरडल्या.

मी लावली. दुपारी बघितलेला चेहरा तो नव्हताच. डोळे सुजून बारीक झाले होते, ओठ जाड. लेक छताकडे बघत होती.

"आई, किती चमकून राहिलं वो. चांदण्याच चांदण्या."

मी बाहेर आले आणि अंगणातला मोठा दिवा लावला.

"लाइट! कोणी लावला? बंद करा!" सर दुर्बिणीला डोळा लावूनच ओरडले.

"गाडी काढा," मी म्हणाले.

"वहिनी, एकच मिनिट..."

"पोरगी चालली माझी. गाडी काढा."

दुर्बीण तशीच सोडून सर गाडीकडे पळाले. आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "गरहण सुटलं नाही अजून! भाईर नोको नेऊ!" पाया पडण्यापलीकडे मी त्यांना कधी हात लावला नव्हता. दंडाला धरून बाजूला केलं. यजमानांनी लेकीला उचललं.

साकोलीच्या अलीकडे तिला झटका आला. दातखीळ, डोळे वर. मी तिला कुशीवर वळवून धरलं. साकोलीच्या दवाखान्यात बीपी फार वाढल्याचं सांगून इंजेक्शन दिलं आणि तिथल्याच गाडीनं भंडाऱ्याला पाठवलं. महामार्गावर समोरच्या ट्रकचा उजेड आत आला की मी तिच्या छातीकडे बघायची. हलते आहे. पुन्हा अंधार.

भंडाऱ्यात सिझर झालं. मुलगी. वजनाला कमी, पण रडली. लेक शुद्धीवर नव्हती. तारा विझला की नाही, ते आमच्या अंगणात कुणीच पाहिलं नाही.

सकाळी ऊन तिच्या पलंगावर आलं तेव्हा तिनं डोळे उघडले.

"आई, लाइट गेली काय?"

मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी हलली नाही. डॉक्टरीणबाई आल्या, तपासून मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अशा झटक्यानंतर होतं कधी कधी; बहुतेकांची नजर काही दिवसांत परत येते. बहुतेकांची.

"लाइट आहे," मी लेकीला सांगितलं. "सकाळ झाली. तुले काही दिवस दिसणार नाही म्हणतात. पोरगी झाली तुले."

ती म्हणाली, "भुकेजली असन ना वो ते?"

मी बाळाला उचलून आणलं, लेकीचा हात धरून त्याच्या मानेखाली ठेवला आणि त्याला तिच्या छातीशी लावलं.