कात्री घेऊन वाचणाऱ्या उजागरेबाई

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, सकाळचे साडेदहा. जागा : दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगर, आमच्या ब्लॉकमागची हिरवळ, उन्हाची बाजू. हजर : सुलोचना उजागरे, एका मंत्रालयातून निवृत्त, मुक्काम भाचीच्या क्वार्टरमध्ये, देशपांडेकाका, मुलाकडे राहणारे, वय शहात्तर, सोलापूरच्या शेखवहिनी, आमच्या शेजारी, आणि मी, मंजिरी, स्वेटर आणि वहीसह. वही माझ्याकडे असतेच. गॅसचा नंबर कधी लावला इथपासून कोणाकडे कोणता डबा गेलाय इथपर्यंत सगळं तिच्यात असतं.

बाईंची माझी पहिली भेट ती. चटईवर चार वर्तमानपत्रं, मांडीवर लांब पात्यांची कात्री. मी नमस्कार केला. त्यांनी नाव विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्हाला इथं कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. ऊन दिसलं म्हणून आले."

"हे उत्तर चालेल," म्हणाल्या आणि चटईवर जागा करून दिली.

बाईंनी सगळी नोकरी कात्रणं काढण्यात घालवली होती. साहेब ऑफिसात येण्याआधी सगळी वर्तमानपत्रं चाळायची, खात्याबद्दलचं कापायचं, कागदावर चिकटवून टेबलावर ठेवायचं. "साहेबांना जे वाचायला आवडणार नाही, ते आधी कापायचं," त्या सांगत. "आवडणारं त्यांना कोणीतरी आणून देतंच." निवृत्त झाल्यावर साहेब गेले, कात्री राहिली. हिरवळीवर बसून त्या कापत असताना देशपांडेकाकांनी सहज विचारलं, "बाई, हा अध्यादेश म्हणजे नेमकं काय असतं हो?" तिथून रविवारची बैठक सुरू झाली होती.

बाईंचं उत्तर मला शेखवहिनींनी सांगितलं, कारण ते ब्लॉकभर फिरलं होतं. "संसद भरलेली नसताना सरकारनं काढलेला कायदा. आई माहेरी गेलेली असताना बाबांनी घरात टीव्ही आणला, असं समजा. आई परत आली की तिच्यासमोर ठेवावाच लागतो. ती ठेवू म्हणाली तर राहतो."

असं सोपं आणि फुकट सांगणाऱ्या माणसाबद्दल दिल्लीत पहिला प्रश्न एकच निघतो : हा कोणाचा माणूस? काकांनी तो मला जिन्यात विचारला. "निवडणूक जवळ आली आहे. बिनामतलब कोणी बोलतं का, यार?" शंका मलाही होतीच. मी वहीत दोन रकाने आखले, 'सरकारच्या बाजूनं' आणि 'सरकारच्या विरुद्ध', आणि दोन महिने बाईंच्या प्रत्येक वाक्यापुढे खूण केली. दोन्ही रकाने जवळजवळ सारखे भरले. त्यानं माझा संशय वाढलाच. इतकं मोजून कोण बोलतं?

एकदा वही उघडी राहिली आणि बाईंनी ते पान पाहिलं. मी घाईनं वही मिटली. त्या मात्र खूश झाल्या. "शाबास! आता तिसरा रकाना घाल. 'आपल्याला आवडलं म्हणून खरं वाटलं.' तो सगळ्यांत लवकर भरेल बघ." त्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करू लागल्या.

प्रत्येक बातमीला त्या तीनच प्रश्न लावत. कोण सांगतंय? त्यात त्याला काय मिळतं? आणि खोटं निघालं तर निस्तरणार कोण? शेखवहिनींच्या फोनवर एक व्हिडिओ आला होता. कोणत्याशा पानांच्या रसानं साखर कायमची जाते म्हणे. वहिनींनी चार दिवस गोळी घेतली नव्हती. बाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघायला लावला. शेवटी रसाच्या बाटलीचं चित्र आणि मागणी नोंदवायचा नंबर.

"काय मिळतं त्याला, कळलं? आता तिसरा प्रश्न. तुम्ही चक्कर येऊन पडलात तर हा येणार आहे का उचलायला?"

"तो कशाला येतोय! हेच धावतील बिचारे," वहिनी म्हणाल्या आणि घरी जाऊन गोळी घेऊन आल्या.

फोनचं तंत्रही त्या असंच समजावत. काकांनी विजेरीचं नवं ॲप घेतलं होतं आणि ते त्यांच्या फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागत होतं. बाई म्हणाल्या, "काका, विजेरी लावायला तुमच्या व्याह्यांचा नंबर कशाला लागतो?" काकांनी ॲप तर काढलंच, वर दोन दिवस फोन रुमालात गुंडाळून ठेवला.

माझा संशय कधी गेला ते वहीत नाही. बहुधा तो गेला नाही, त्यानं फक्त दिशा बदलली. बाईंवरचा संशय संपला आणि बाकी सगळ्या जगावरचा सुरू झाला. आम्ही सगळेच त्यात तयार झालो. भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला की शेखवहिनी त्याला तीन प्रश्न विचारत.

दुसऱ्या हिवाळ्यात बाईंचा आवाज बसला. दिल्लीत नोव्हेंबरात कोणाचा घसा धड असतो? धुरानं सगळेच खोकत होते, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. पण महिना झाला, दीड झाला. मी त्यांना टॅक्सीनं नोएडातल्या एका खासगी इस्पितळात घेऊन गेले. तरुण डॉक्टरनं नळीनं घसा पाहिला आणि शांतपणे सांगितलं की स्वरतंतूवर गाठ दिसते आहे, तिचा तुकडा काढून तपासू, याच आठवड्यात.

बाईंनी विचारलं, "जाँच करेगा कौन?"

"हमारी ही लॅब है, मॅडम."

बाई उठल्या. "चल गं." टॅक्सीत बसल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "माल त्यांचा, तराजू त्यांचा, वजनंही त्यांचीच. आपण फक्त पाकीट."

मी म्हटलं, "बाई, पण त्यानं गाठ तर बघितली ना?"

"त्यानं बघितली. मी नाही. ब्लॉकमध्ये कोणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी बाईंनी नेहमीच्या बातम्या संपवल्या आणि म्हणाल्या, "आज एक प्रकरण तुमच्यापुढे ठेवते. एका बाईंना खासगी इस्पितळात घशातला तुकडा काढायला सांगितलाय. लगेच. लॅब त्यांचीच. काय करावं त्यांनी?"

देशपांडेकाका गरजले, "बिल्कुल नको! कोण सांगतंय, तर विकणारा!"

"लगेच म्हणजे तर नक्कीच गडबड," शेखवहिनी म्हणाल्या. "घाई तेच लावतात."

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या, आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. त्यांची नजर एकदा माझ्याकडे आली. त्या बाई कोण हे त्या चटईवर त्यांच्याशिवाय फक्त मला ठाऊक होतं. मी खाली बघून वहीत, त्या दिवसाच्या बैठकीच्या नोंदीत लिहिलं : 'प्रकरण चौथं. एकमतानं निर्णय : घाई नको.'

पुढे सरकारी इस्पितळाची लांबची तारीख, ती आल्यावर तिथल्या डॉक्टरबद्दल शंका, मग ओळखीतला तिसरा डॉक्टर, मग त्याच्याबद्दल शंका. उन्हाळ्यात जेव्हा तुकडा निघाला, तेव्हा नोएडातला तो तरुण डॉक्टर पहिल्याच दिवशी बरोबर होता हे कळलं. शस्त्रक्रियेत बाईंचा जीव वाचला. पण गाठ तोवर पसरली होती, स्वरयंत्र काढावं लागलं.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पाटी मागितली आणि लिहिलं, 'रडू नकोस. ओल्या कागदावर कात्री चालत नाही.' मग पुसून लिहिलं, 'मी तुम्हाला विचारलं नव्हतं. माझंच उत्तर तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला. तेच आवडलं.'

मी म्हटलं, "बाई, मला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं."

त्यांनी पाटी पुसली. लिहिलं : 'निर्णय वहीत चुकीचा राहिलाय. बैठकीत वाचून दुरुस्त कर. माझं नाव घालून. नाहीतर ही माणसं उद्या चांगल्या डॉक्टरलाही हाकलतील.'

दसऱ्याच्या आधी त्या मिरजेला भावाकडे गेल्या. पहाटेची गाडी होती. स्टेशनवर त्यांनी मला मिठी मारली, डब्यात चढल्या आणि खिडकीतून बोटानं हवेत लिहिल्यासारखं केलं. दुरुस्ती.

बैठक आता मी घेते. दुरुस्ती अजून वाचलेली नाही, त्या प्रकरणातल्या बाई कोण हे अजून कोणाला ठाऊक नाही. मागच्या रविवारी काकांनी सांगितलं की त्यांना लघवीतून रक्त गेलं, जवळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला लगेच तपासण्या करा. "पण लॅब त्याचीच आहे," काका म्हणाले आणि शाबासकीच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघितलं. शेखवहिनी म्हणाल्या, "घाई नको काका, आपलं ठरलंय ना."

मी म्हटलं, "काका, उद्या मी येते बरोबर." तेवढंच. सोमवारी त्यांनी दार उघडलं, चहा दिला आणि म्हणाले, "एकमतानं ठरलेलं आहे, मंजिरी. वहीत तूच लिहिलंयस."

उद्या पुन्हा रविवार आहे. विषयपत्रिका तयार आहे. विषय पहिला : मागील निर्णयाची दुरुस्ती. बाईंचं नाव लिहून झालं. त्याच्या खाली, त्या दिवशी गप्प बसलेल्या सदस्याचं नाव लिहायचं राहिलं आहे.