बिनदाराची गोल बांधणी

ओहोळ गुरुजी गेल्याचं मला कळलं, तेव्हा त्यांचा जलदान विधीही उरकला होता. केडगावच्या माझ्या घरी पोस्टकार्ड आलं, त्यांच्या पत्नीचं, सुमनताईंचं. 'गुरुजींच्या वहीत तुमचा पत्ता होता, म्हणून कळवते.' एवढंच. मला आधी कुणी कळवावं, असं मी काही ठेवलंही नव्हतं...

ओळख पाच-सहा वर्षांची. खर्ड्याच्या अलीकडे त्यांचं गाव. गावाबाहेर तात्या म्हणून बडे बागाईतदार होते, त्यांच्या रानात पांढरीचं टेकाड होतं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं. घरांच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या छपरावर, टाकायला सारा गाव ती माती नेई. नेता नेता विटा उघड्या पडल्या. तात्यांना तिथं सपाट करून ऊस लावायचा होता. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींनी तहसील कचेरीत अर्ज केला की इथं स्तूप आहे, टेकाड वाचवा. कचेरीनं इतिहासाचा प्राध्यापक म्हणून माझा अभिप्राय मागवला.

मी गेलो त्या दिवशी गुरुजींनी खुंटी ठोकून, दोरी लावून विटांची गोलाई मोजून ठेवली होती. वीत-दीड वीत लांबीच्या भाजक्या विटा, अंगावर भाताच्या तुसाचे ठसे. "बघा सर, विहीर म्हणावी तर आत पोकळ नाही, ठासून भरलंय. घर म्हणावं तर दार नाही. राहायला बांधलेलंच नाही हे. भोवती फिरायला बांधलंय." माझ्या वर्गातल्या कुठल्याच मुलानं इतकं स्वच्छ उत्तर दिलं नव्हतं.

तात्या धोतराचा सोगा धरून उभे होते. "गुरुजीला ईट दिसली की देव दिसतो."

"देव न्हवं तात्या, बुद्ध."

"तुमचा धरम छप्पन सालचा, अन् टेकाड पांडवांच्या वक्ताचं! मूर्ती निघाली का एखांदी? न्हाई ना? मग?"

गुरुजी हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "कुण्या माळ्यानं, लोहारानं, भिक्खुणीनं एकेक वीट दिली असंल. आपण इथं नव्या पाहुण्यासारखे राहतो, सर. नव्हतो ना आपण नवे?" त्यांना तेवढंच हवं होतं. तेवढ्यावर कुणाचा तरी शिक्का.

दुपारी मी तात्यांकडे जेवलो. आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेत त्यांचं वजन होतं. गुरुजींनी चहाला घरी बोलावलं, तेव्हा उशीर झाला म्हणालो. उशीर झाला नव्हता.

अभिप्रायात मी लिहिलं: 'मूर्ती अथवा शिलालेख आढळला नाही; सबब बांधकाम बौद्ध असल्याचे म्हणता येत नाही.' पहिला भाग खरा होता. पण सुरुवातीच्या काळात बुद्धाची मूर्ती घडवतच नसत, स्तूपालाच वंदन करत, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवत होतो. मूर्ती नसणं हा तिथं पुरावा ठरत नव्हता. मी तो ठरवला. महिनाभरात तात्यांच्या ट्रॅक्टरनं टेकाड सपाट केलं.

गुरुजी कॉलेजात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वाक्य खोटं नाही तुमचं. पण पुढचं वाक्य तुम्हाला माहीत होतं, सर. तेवढं जोडून द्या."

"बघतो," मी म्हणालो. नंतरही दर वर्षी गावातल्या एसटीडी बूथवरून त्यांचा फोन येई. मी बघतोच म्हणत राहिलो. ते कधी आवाज चढवत नसत... शेवटच्या वर्षी फोन आला नाही. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. ते तेव्हा आजारी होते.

गेल्या रविवारी मी प्रथमच त्यांच्या घरी गेलो, दुरुस्त अभिप्राय घेऊन. सुमनताईंनी फाटकातच तो उभ्यानं वाचला. "चांगलं लिवलंय," त्या म्हणाल्या. "पण आता कुटली जागा दाखवू त्यास्नी? उसाची चवथी तोडबी झाली." कागद नीट घडी घालून त्यांनी परत दिला आणि पाणी आणायला वळल्या.

अंगणात जमिनीसरशी जुन्या विटांची अर्धगोल रांग मांडलेली होती. नांगरानं वर काढलेल्या विटा गुरुजींनी सायकलवरून आणून त्याच गोलाईनं लावल्या होत्या. पुढं शेजाऱ्याची भिंत आल्यामुळे गोल अर्धाच राहिला होता. मी विटा ओलांडून दाराकडे निघालो.

"सर, तितनं न्हाई," त्या मागं वळून म्हणाल्या. "गुरुजी कुनालाच मधनं येऊ देत नव्हते. पोस्टमनलाबी न्हाई. उजव्या हाताला ठिवून या."

मी चपला काढून हातात घेतल्या, मागं आलो, आणि विटा उजवीकडे ठेवून दारापर्यंत गेलो. जेमतेम दहा-बारा पावलं होती. मला फार वेळ लागला.