आईच्या खोलीखालची ओल

"तिला तिथली हवा मानवत नाही," असं माझा दादा पुण्याहून फोनवर म्हणाला आणि इकडे माझ्या नवऱ्याने मान डोलावली. झालं. दोघांनी मिळून माझ्या आईचं पुण्याचं तिकीट काढून टाकलं, तीन आठवड्यांनंतरचं. मी तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये होते. संध्याकाळी घरी आल्यावर मला नुसतं कळवण्यात आलं. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

आई नागपूरची. बाबा गेल्यावर तिथला फ्लॅट विकला आणि मी तिला इकडे अमेरिकेत, कॅरीला आमच्याकडे आणलं, कायमचं. तळमजल्यावरची मागची खोली तिला दिली, कारण जिने तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. पहिला हिवाळा मजेत गेला. मे उजाडला आणि तिला खोकला सुरू झाला. जून संपेपर्यंत आडवं पडायची सोय राहिली नाही, खुर्चीत बसूनच डुलकी काढायची. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, एक्सरे काढला, काही सापडलं नाही. इनहेलर लिहून दिला आणि आम्ही निघताना विचारलं, घरात कुठे ओल आहे का? मी ठासून नाही म्हणाले.

माझ्या घरात ओल? ओलीचा बंदोबस्त तर मी जातीने केला होता.

तो कसा, ते सांगते. इकडची आमच्यासारखी बरीच घरं थेट जमिनीवर बसलेली नसतात. फरशीखाली मोकळी जागा असते, कुठे कंबरभर तर कुठे जेमतेम हातभर उंच. खाली माती, वर लाकडी तुळया. तिला क्रॉलस्पेस म्हणतात, कारण आत रांगतच जावं लागतं. भिंतीत जाळीच्या छोट्या खिडक्या असतात, ते व्हेंट. कॅरीच्या आधी आम्ही कोलोरॅडोत होतो. तिथल्या घराखालीही अशीच जागा होती आणि तिथल्या शेजाऱ्याने नियम शिकवला होता की हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून व्हेंट झाकायचे आणि उन्हाळ्यात सताड उघडायचे. तिथली माती वर्षभर भाजलेल्या रव्यासारखी कोरडी असायची.

मला तो नियम लगेच पटला. आम्ही नागपूरकर कूलरवर वाढलेले. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बंद ठेवली तर खोलीत नुसती चिकचिक होते. हवा खेळती ठेवा, ओल आपोआप जाते. या विषयावर आमच्या घरात कधी वाद झालेला मला आठवत नाही.

त्यामुळे कॅरीत फरशीखालून कुबट वास यायला लागला तेव्हा मी सगळे व्हेंट उघडले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वास आईच्या खोलीत जास्त होता, म्हणून बरोबर तिच्या खोलीखालच्या व्हेंटला मी एक पंखा बसवला, बाहेरची हवा आत ढकलणारा. आई अंगणात खुर्ची टाकून सूचना देत होती. "थोडा तिरपा कर बाई, कोपऱ्यात हवा गेली पाहिजे." तो पंखा दिवसरात्र चालला. खोकला वाढला तसा मी त्याचा स्पीडही वाढवला.

तिकिटाचं कळलं त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी कडाकडा भांडले. तो मुलुंडचा, शांत माणूस. आवाज चढवत नाही, त्यामुळे भांडणात नेहमी मीच वाईट दिसते.

"अगं, मी काय आईंना हाकलतोय का? पुण्यात त्यांना बरं वाटेल," तो म्हणाला.

"पुण्यात ती दादाच्या हॉलमध्ये दिवाणावर झोपणार आणि सगळ्यांचं टीव्ही बघून होईपर्यंत जागी राहणार. आई कुठेही जाणार नाही. हवा मानवत नाही म्हणे. हवेला काय धाड भरली आहे?"

बोलायला बोलले, पण डॉक्टरीणबाईंचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. दुसऱ्या दिवशी आईच्या खोलीत अनवाणी फिरले तर लाकडी फरशीच्या पट्ट्या कडांना वर उचललेल्या लागल्या. मग मात्र मी घराखालच्या ओलीचं काम करणाऱ्या एका माणसाला बोलावलं.

तो खाली गेला आणि अर्ध्या तासाने मोबाइलमध्ये फोटो घेऊन आला. तुळयांवर राखाडी बुरशी. थंडी अडवायला तुळयांमध्ये भरलेलं, आता भिजून वरून लोंबणारं गुलाबी इन्सुलेशन. एसीच्या डक्टवरून टपटप गळणारं पाणी. हे सगळं तो माझ्या नवऱ्याला दाखवत होता, ज्याने ते छोटं दारही कधी उघडलं नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, तो पंखा कुणी लावला?

"मी," मी म्हणाले.

मग तो माझ्याकडे वळला. बिचाऱ्याने फार सांभाळून सांगितलं. हे कोलोरॅडो नाही, इथे उन्हाळ्यात बाहेरची हवाच पाण्याने जड झालेली असते. ती एसीने गार झालेल्या घराखाली शिरली की तिथे पाणी सोडते. थंड ताकाच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटतो, तसंच. म्हणजे ओल घालवायला म्हणून मी दोन महिने ओल आत भरत होते, तीही पंखा लावून, आईच्या पलंगाखाली. उपाय उलटा होता. व्हेंट बंद करायचे, मातीवर जाड प्लास्टिक पसरायचं आणि आतली हवा मशीनने कोरडी ठेवायची. आमचा नंबर सहा आठवड्यांनी लागेल, असं सांगून तो गेला.

"बघ, म्हणजे तोवर तरी त्यांना जाऊ दे," नवरा म्हणाला.

गेलेली माणसं परत येत नाहीत हे मला चांगलं ठाऊक आहे. आधी सहा आठवडे, मग दिवाळी करून येऊ दे, मग थंडी संपू दे. मी एका आठवड्याची रजा टाकली. बुरशी खरवडताना आई घरात नको म्हणून तिला चार दिवस कॅरीतल्याच एका मैत्रिणीकडे पाठवलं. डोक्याला दिवा, तोंडाला मास्क, गुडघ्यांना पॅड आणि पांढरा कागदी सूट, अशा अवतारात मी त्या दारातून आत शिरले. सगळ्यात आधी तो पंखा उपटून बाहेर फेकला.

बावन्न वर्षांच्या बाईने हे करू नये, असं मला तीन जणांनी सांगितलं. एकाने तर व्हॉट्सॅपवर पाठीच्या व्यायामाचा व्हिडिओ पाठवला. मी कामाला लागले. भिजलेलं इन्सुलेशन ओढून काढलं, त्याच्या सतरा पिशव्या भरल्या. तुळया ब्रशने घासल्या. छपराचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडत होतं, त्याला लांब पाइप जोडून ते उतारावर सोडलं. कुबड्या पाठीचे मोठे किडे अंगावर उड्या मारत होते, त्यांना नागपुरी शिव्या घातल्या. मग पांढऱ्या प्लास्टिकचा रोल लोटत लोटत नेला. हातभर जागेत पोटावर सरपटताना दोनदा अशी अडकले की रडू आलं, आणि एकदा मी खरंच रडले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मागून रोलचं दुसरं टोक धरलं. नवरा होता. शेवटपर्यंत टेप लावत राहिला.

व्हेंट फोमच्या पाट्यांनी बंद केले, मशीन बसवलं, त्याची नळी बाहेर काढली. आर्द्रता मोजणारा काटा पहिल्या दिवशी ऐंशीच्या वर होता. आठवडाभराने तो पन्नाशीला आला आणि तिथेच थांबला. कुबट वास गेला. आई परत आल्यावर तिचा खोकला कमी झाला, आठवड्याभराने ती पलंगावर आडवी होऊन झोपायला लागली. मी विजयी मुद्रेने घरभर फिरत होते.

आणि तिकिटाला चार दिवस उरलेले असताना तिच्या खोलीत गेले तर ती बॅग भरत होती.

"हे काय?"

"आता भरून ठेवली की बरं. शेवटी घाई होते," ती म्हणाली. "तू एवढी खटपट करून राहिली, पण माझ्या शरीराचाच आता भरवसा नाही बाई. कुठली हवा चालेल अन् कुठली नाही."

मी तिच्या पलंगावर बसले. तो माणूस इंग्रजीत काय बोलला हे मी तिला सांगितलंच नव्हतं. खाली दुरुस्ती आहे एवढंच बोलले होते. लाज वाटली होती, दुसरं काय. आता सगळं सांगितलं. पंखा, बाहेरची हवा, तिच्या पलंगाखालचं पाणी.

"म्हणजे मला काही झालं नव्हतं?"

"नाही. मी केलं होतं ते."

तिने हातातली साडी घडी करून बॅगेत वर ठेवली. मग म्हणाली, "दादाला फोन लाव."

मी स्पीकरवर फोन लावला. नवरा दारात येऊन उभा राहिला. मी दादाला चूक कुणाची ते सांगितलं आणि तिकीट कॅन्सल कर म्हणाले. तो लगेच, "अगं, पण तिचं वय बघ, उगाच हट्ट करू नकोस." मी तोंड उघडलं तेवढ्यात आईने हात वर केला.

"तुम्ही तिघं माझ्यावरून भांडून राहिले," ती म्हणाली. "मला कोणी विचारलं?"

नवऱ्याने मान खाली घातली. माझी मान ताठ होती, मी तर तिच्याच बाजूने लढत होते. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "तू तरी विचारलं?"

नव्हतं विचारलं. तिच्यासाठी चिखलात लोळले, अख्ख्या घराशी वैर घेतलं, आणि हा एक प्रश्न मला सुचला नव्हता.

"आई, तुला काय पाहिजे?" मी विचारलं.

तिने बॅगेतली वरची साडी काढून पलंगावर ठेवली.

"इथं राहायचं आहे," ती फोनकडे तोंड करून म्हणाली. "अन् मला पुन्हा खोकला आला, तर पहिले घर तपासा. मग मला."