रेडिएटरातली हळद

वडील भीमपूर ते आदिलाबाद एका मालकाची जीप चालवत. एका हिवाळ्यात जीप पांढरा धूर सोडू लागली आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होऊ लागलं. खाली थेंबही दिसत नव्हता. बारीक गळती बुजावी म्हणून वडिलांनी, इकडचे सगळे ड्रायव्हर टाकतात तशी, त्यात मूठभर हळद टाकली. फरक पडला नाही. इंजिन तुमच्या हातून गेलं असेल तर दुसरी नोकरी पाहा, असं मालकाने बजावलं.

शेवटी जीप आदिलाबादजवळच्या मावला गावी नेली, मीही वडिलांसोबत होतो. तिथल्या मिस्त्रीने रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करायला लावलं. पिवळ्या पाण्यातून बुडबुडे येऊ लागले.

"हळद भाजीत टाका न भाऊ, काऊन वाया घालून राह्यले? हेड गॅस्केट गेलं. पाणी इंजिनात जाऊन जळून राह्यलं. गाडी लय तापली का जाते ते. तापली होती का कधी?"

मालक शेजारीच उभा होता.

"तापली होती," वडील म्हणाले. "निर्मलचं भाडं सोडून येताना पाणी संपलं. दिवसभर थकलो होतो, पाणी आणाले जायचं जिवावर आलं. तशीच हाकलली."

मालकाने चावी मागून घेतली.

आम्ही बसने घरी निघालो. वडील बसल्या जागी झोपले, आणि गाव आल्यावर मला त्यांना दोनदा हलवावं लागलं.