चूक न दाखवणाऱ्या तारखा

आदिनाथची जन्मतारीख एक जून. खरी नव्हे हो, मास्तरांनी ठोकून दिलेली. पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत पोराची तारीख कोण लिहून ठेवतंय? शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लावून मोकळे! आई, रंगुबाई, दर हंगामात कोयता घेऊन जायची आणि हा वसतिगृहात राहून शिकला. आता संगमनेरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसून कोड लिहितो. बोलायला महाकंजूष, पण कामाला वाघ.

गेल्या हिवाळ्यात आम्ही एका संस्थेसाठी प्रोग्राम केला. तोडीच्या तळांवर कुत्री फार चावतात. रेबीजची पहिली सुई दिली की नर्सबाईंनी तारीख भरायची. पुढच्या सुयांचे दिवस प्रोग्रामनं मोजायचे आणि वेळेवर फोन करायचा.

डिसेंबरात नर्सबाई ओरडायला लागल्या. चौदा डिसेंबर भरलं की पडद्यावर लाल अक्षरांत 'चुकीची तारीख'. कारण साधं होतं. आम्ही वापरलेली भाषा पहिला आकडा महिना समजायची, आणि चौदावा महिना कुठून आणणार? आमचे साहेब, सुहाससर, यांनी झटपट उपाय केला: महिना जमला नाही तर आकडे उलटे करून बघ. तक्रारी बंद. सरांनी खुशीत भेळ मागवली.

आदिनाथनं भेळेला हात लावला नाही. "सर, बारा तारखेपर्यंतचं काय? तिथं दोन्ही आकडे महिन्यात बसतात. तिथं लाल अक्षर येणारच न्हाई."

"अरे बाबा, चालतंय ना? मग कशाला उकरतोस?"

असा राग आला मला! म्हटलं, "सर, बघू तरी द्या त्याला." पण त्यांनी आम्हा दोघांना दुसऱ्या कामाला जुंपलं.

संक्रांत उलटल्यावर एका दुपारी त्याला सवड मिळाली. त्यानं स्वतःचीच तारीख भरून बघितली, एक जून. मशीननं निमूटपणे सहा जानेवारी धरली. ना लाल अक्षर, ना कुरकुर. त्याचा चेहराच उतरला. मग त्यानं डिसेंबरचे पेशंट काढले. आठ डिसेंबरला पहिली सुई घेतलेलं माणूस मशीनच्या लेखी बारा ऑगस्टचं, म्हणजे सगळ्या सुयांचे दिवस कधीच उलटलेले. फोन कुणालाच गेला नव्हता. नावापुढं हिरवी खूण होती: उपचार पूर्ण.

एका नावावर त्याचा हात थांबला. रंगुबाई, बेलापूरचा तळ.

"मनवाताई, ही आई हाय माझी," तो म्हणाला. "कुत्रं चावलं, पण मला बोलली न्हाई."

सुहाससर पांढरेफटक पडले आणि एकेका नर्सबाईला फोन लावत सुटले. रंगुबाईच्या टोळीच्या मुकादमाचा मोबाईल, तिला गाठायचा एकच नंबर, बंद होता. आदिनाथ तसाच निघाला, तेव्हा मीच त्याला माझ्या स्कूटरवर मागं बसवलं.

रंगुबाई उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीबाहेर चादर पांघरून बसली होती. ओठाजवळ चाव्याचा वण. लेकाला बघून तिला कोण आनंद झाला!

"आई, पुढच्या सुया का न्हाई घेतल्या गं?"

"फोन कुटं आला? नर्सबाई म्हन्ली, फोन येईल. शेजारीन लई म्हनत हुती, चल जाऊ, चल जाऊ. म्या म्हन्लं, माज्या लेकाचं मशीन हाय, ते कसं चुकंल?"

आदिनाथ एकदम उठला. "चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."

निघण्याआधी मी तिला पेल्यात पाणी दिलं. तिनं तोंडाजवळ नेलं मात्र, गळा आवळल्यासारखा झाला आणि पेला हातातून सुटला.

"नगं बाई," ती माझ्याकडं बघून कसनुसं हसली. "कालपासनं पान्याचं लई भ्याव वाटतंया."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आदिनाथ तिचे पाय धरून लहान पोरासारखा रडायला लागला. ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"रडतूस कशाला येड्या? आलास न्हवं आता."