हव्वाबीला शब्द कळेनात

पनवेलच्या बाजारात हव्वाबीचं बांगड्यांचं दुकान होतं. नवरा रहीम कुवेतला नोकरीला; दुकान आणि मुलगी झेबा ती एकटीच सांभाळायची. २००८ सालच्या एका सकाळी गिऱ्हाईक काहीतरी बोललं आणि तिला एकही शब्द कळला नाही. बांगड्यांची किणकिण कळत होती, बाहेरच्या ट्रेलरचा हॉर्न कळत होता, बाईचा आवाजही ओळखीचा होता. बोलणं मात्र कुठल्यातरी परक्या मुलखातलं वाटत होतं.

“झेबा, ही काय बोलतेय?” झेबाचं उत्तरही तसंच कानावर आलं.

दवाखान्यात कळलं, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. हव्वाबीला बोलता येत होतं, वाचताही येत होतं. म्हणून वाचा-उपचार करणाऱ्या कुमुदताईंनी लिहून समजावलं, ‘कान उत्तम आहेत. आवाज मेंदूपर्यंत पोचतो. पण प आणि ब यांतला अगदी बारीक फरक पकडून त्याचे शब्द करणारा भाग दुखावलाय. ते काम पुन्हा शिकावं लागेल.’

“फोनवरचं कळेल?”

‘सांगता येत नाही.’

“मग शिकवा. नवऱ्याचं बोलणं लेकीच्या चिठ्ठीतून किती दिवस वाचू?”

पाल, बाल, गाल. आधी ओठांकडे बघून, मग कुमुदताई तोंडापुढे फाइल धरायच्या. घरी झेबा तेच करायची. “भात” म्हटलं की हव्वाबी हात पुढे करायची. झेबा हसायची, मग रडकुंडीला यायची.

“अम्मी, आज राहू दे.”

“राहू कशाला? परत बोल.”

वर्ष उलटल्यावर तिनं रहीमचा फोन स्वतः घेतला. तो भडाभडा बोलला, सगळा गोंगाट.

“थांबा. कशाबद्दल बोलताय ते आधी सांगा. हळू.”

“पा... णी,” रहीम म्हणाला. “पाणी. घरात पाणी येतं का?”

पाणी कळलं, तसं पुढचंही जुळत गेलं.

“येतं, पण सकाळीच,” हव्वाबी म्हणाली.

मग रहीमनं बरंच विचारलं. तिला निम्मं कळलं, उरलेलं तिनं न लाजता पुन्हा विचारून घेतलं.

दुकान तिनं परत उघडलं. दोन बायका एकदम बोलल्या की अजूनही सगळं मिसळून जायचं. मग ती हात वर करायची, “एकेकीनं बोला, माझ्याकडे तोंड करून.” नव्या बायका बिचकायच्या, जुन्या त्यांना गप्प करून एकेकीला पुढे ढकलायच्या.